उपाशी यीस्टची साक्ष

साक्षीदार उपाशी होता तेव्हा खरं बोलला. तुम्ही त्याला पोटभर जेवू घातलंत आणि त्यानं साक्ष फिरवली. हा माझा तुमच्यावरचा आरोप आहे आणि तो मी चारचौघांत करते आहे. साक्षीदार म्हणजे यीस्ट. पाव फुगवणारं, मळीची दारू करणारं, चिमटीभर पावडरीत कोट्यवधींनी झोपून राहणारं यीस्ट. हसू येत असेल तर आत्ताच हसून घ्या.

तुमचं नाव मी लिहीत नाही. ज्या इमारतीतून औषधाला ‘निर्धोक’ असा शिक्का मिळतो, त्या इमारतीतल्या खुर्च्यांवर तुम्ही बसता, एवढं पुरे. वाचणाऱ्यांना कळेल. तुम्हाला तर कळलंच आहे.

मी राजमती मगदूम. मिरजेच्या जुळणी केंद्रात नोकरी करते. शिक्षण बी.कॉम. जीवशास्त्र कामावर शिकले, बोलणी खात शिकले. मी तज्ज्ञ नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ते शोधून काढायला तुम्हाला माणूस नेमावा लागणार नाही.

आमचं काम काय, ते सांगते. औषधं प्राण्यांवर तपासणं बंद होऊन आता काही वर्षं झाली. त्या जागी यीस्ट आलं. यीस्टची पेशी आणि आपली पेशी लांबची भावंडं, कित्येक प्रथिनं दोघांत सारखीच. जी नव्हती ती माणसाची घेऊन यीस्टमध्ये घातली. आता प्रथिन काही एकटं काम करत नाही. चार-पाच, कधी पन्नासभर प्रथिनं एकमेकांना धरून उभी राहतात आणि मिळून एक काम उरकतात. पुस्तकात याला संकुल म्हणतात. आम्ही टोळकं म्हणतो. टोळकं शोधायचं कसं? एका प्रथिनाला शेपूट जोडायची, पेशी फोडायची आणि शेपटीला धरून त्याला बाहेर ओढायचं. सोबत जे जे चिकटून येईल ते यंत्रात तोलून ओळखायचं. असं हजारो प्रथिनांचं केलं की कोण कोणाच्या टोळक्यात, याचा नकाशा तयार होतो. नवं औषध कुठल्या टोळक्यात शिरतं आणि काय मोडतं, ते या नकाशावरून ठरतं.

यात फसायला भरपूर वाव आहे. काही प्रथिनं कुणालाही चिकटतात. बारसं असो, लग्न असो, मयत असो, पहिल्या पंगतीला हजर असणारी माणसं असतात ना, तशी. काही खऱ्या जोड्या ओढताना तुटतात. म्हणून एका प्रयोगशाळेवर विसंबायचं नाही. दोन प्रयोगशाळांनी एकमेकींना न विचारता तेच काम करायचं आणि आम्ही दोघींचे नकाशे ताडून बघायचे. नियम असा की दोघींना दिसलं ते खरं, एकीलाच दिसलं तो गोंगाट. गोंगाट पुसून टाकायचा.

या शतकाच्या सुरुवातीला दोन मोठ्या गटांनी यीस्टची टोळकी अशीच वेगवेगळी शोधली होती. तुलना केली तर बरंच काही जुळेना. एकाच यीस्टबद्दल दोघं इतकं निराळं कसं सांगतात, यावर लोकांनी पुष्कळ डोकं खाजवलं. मला मात्र ते वाचून बरं वाटलं होतं. खरं काम करणारी दोन माणसं थोडी भांडणारच.

आता माझ्या अक्काबद्दल. त्रिशला तिचं नाव, माझ्याहून मोठी, समडोळीला दिलेली. पन्नाशीच्या आत तिचे हात थरथरायला लागले. आधी चहाची बशी वाजायची, मग भाकरी फाटायला लागली. आमच्यात जैन मंदिराला बस्ती म्हणतात. बस्तीत पूजेच्या ताटात तांदळाचं स्वस्तिक काढायचं काम वर्षानुवर्षं अक्काकडे होतं. तिच्या चिमटीतून दाणे असे उतरायचे की रेघ छापल्यासारखी यायची. हात गेल्यावर दाणे ताटाबाहेर उडायला लागले. “त्रिशलाबाई, अक्षता टाकताय व्हय कुणाच्या डोक्यावर?” असं कुणीतरी म्हणालं, बायका हसल्या आणि अक्का बस्तीत जायची थांबली.

मग ‘निष्कंप’ आलं. तुमच्या शिक्क्याचं. सांगलीच्या डॉक्टरनं लिहून दिलं आणि दोन-अडीच महिन्यांत अक्कानं मला फोन लावून, मोबाइल डब्याला टेकवून, माझ्यासमोर सुईत दोरा ओवला.

“बघितलंस? राजी, बघितलंस का?”

“पुन्हा ओव. मघाशी नीट दिसलं नाही.”

दिसलं होतं. मला पुन्हा बघायचं होतं.

म्हणजे औषध खोटं नाही. अक्काच्या हातांसाठी त्यानं जे केलं ते देवाधर्मानं केलं नाही आणि दवाखान्यांनीही केलं नाही. म्हणूनच माझा राग जास्त आहे.

*

श्रावणात आमच्या निंबकर मॅडमनी जुन्या जुळण्या नव्या यंत्रणेत चढवायला सांगितल्या. मॅडम म्हणजे आमच्या केंद्राच्या प्रमुख, डॉक्टरेटवाल्या, मोजकं बोलणाऱ्या. चढवता चढवता ‘निष्कंप’ची जुळणी समोर आली. एक नकाशा रत्नागिरीकडच्या प्रयोगशाळेचा, तिला आम्ही किनारा म्हणतो. दुसरा एका बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत थाटलेल्या प्रयोगशाळेचा. दोन्ही एकमेकांवर ठेवले आणि माझं चित्त थाऱ्यावर राहिना.

जुळत होते. नको इतके जुळत होते. एकाच घरातून सारखे कपडे घालून निघालेल्या जुळ्यांसारखे. दोन ठिकाणची माणसं, दोन ठिकाणची यंत्रं, दोन ठिकाणचं पाणी. इतकं जुळत नसतं. रोज तेच बघते मी.

नीट पाहिलं तर डिस्टिलरीचा नकाशा ‘सुधारित’ होता.

“मॅडम, हा सुधारित आहे. मग आधीचा कुठंय?”

“कुठला आधीचा?”

“सुधारायला आधी काहीतरी असेलच ना.”

“निकृष्ट होता, काढून टाकला. राजमती, तू जुळणी कर. शोध नको लावूस.”

आणि हसल्या. निंबकर मॅडम कामाच्या वेळेत हसत नाहीत. मला संशय होताच, त्या हसण्यानं तो पक्का झाला.

सुट्टी टाकून मी डिस्टिलरी गाठली. मळीचा वास अजून भिंतीत मुरलेला. तिथं यीस्ट वाढवायचं काम इलाही मुजावर नावाच्या गृहस्थांकडे आहे. पूर्वी कारखान्यातही ते हेच करत होते, फक्त टाकी मोठी होती. मला बघून त्यांनी हात जोडले.

“मिरजंचं माणूस दारात आलं म्हणजे कायतरी चुकलंय. आधीच सांगतो ताई, माझं न्हाई.”

“इलाहीभाई, ‘निष्कंप’साठी वाढवलेल्या यीस्टचा पहिला संच काढून का टाकला?”

“त्यो व्हय? त्यो बाजाराचा.”

“बाजाराचा म्हणजे?”

“आता काय लपवायचं तुमच्यापासनं. मंगळवारी सांजच्याला यीस्ट लावायचं आणि बुधवारी सकाळी काढायचं, असा नेम. आणि बुधवारी गावात बाजार. साहेबासकट सगळी बाजारात. मी एकटा हितं काय करू? आम्ही आपलं गुरुवारी काढायचो. यीस्ट काय दावं तोडून पळतंय?”

“सगळ्याच संचांचं असंच?”

“प्रत्येक आठवड्याला बाजार असतोयच की ओ.”

“पण तोवर साखर संपत असेल त्याची.”

“संपणारच. चाटूनपुसून. गुरुवारपर्यंत उपाशी बसलेलं असायचं बिचारं.” मग माझं तोंड बघून ते म्हणाले, “काय ओ? कायतर वंगाळ झालं का?”

मी स्टुलावर बसले. किनाऱ्यावर यीस्ट भरल्या पोटी काढत होते. इथं उपाशी. दोघांपैकी कुणी खोटं बोलत नव्हतं. दोन निराळ्या प्रश्नांची दोन उत्तरं होती, आणि आम्ही शहाणे ती एकाच प्रश्नाची समजून एकमेकांवर ठेवत होतो. भरल्या पोटाची पेशी वाढत सुटते. उपाशी पेशी घरातलंच मोडकंतोडकं जाळून दिवस काढते, आणि त्यासाठी प्रथिनं आपापली टोळकी बदलतात. त्यांतलं एक प्रथिन घरच्या गड्यासारखं, एरवी दारात उभं, भूक लागली की चुलीपाशी जातं. मोडकं उचलून चुलीत घालायचं काम त्याचं.

‘निष्कंप’ नेमकं त्याच गड्याला धरतं. दारातच घट्ट धरून ठेवतं. मेंदूत त्यानं थरथर थांबते, ते बरोबर आहे. पण पोट उपाशी असलं तर चुलीपाशी जाणार कोण? डिस्टिलरीच्या पहिल्या संचात चुलीपाशी बसलेला तो गडी दिसलेला असणार. एकीलाच दिसला, म्हणून तो गोंगाट.

“मग दुसरा संच का केला?”

“वरनं फोन आला.”

“कुणाचा?”

“मला काय म्हाईत. साहेबास्नी आला. साहेब म्हणले, इलाही, मोठ्या हाफिसातनं सांगितलंय, किनाऱ्यासंगं जुळत न्हाई. ताजी साखर घालून परत करा. जुळंपर्यंत करा.”

“जुळेपर्यंत?”

“ह्याच शब्दात. म्या म्हटलं, घालू की. साखर कारखान्यात साखरंला काय तोटा!” आणि ते मोठ्यानं हसले. मी हसले नाही, तसे तेही थांबले.

एकमेकींना न विचारता काम करायचं, हा तुमचा नियम. आणि तुम्हीच एकीच्या कानात दुसरीचं उत्तर सांगितलंत.

मी इलाहीभाईंना विनंती केली की यीस्टचे दोन भाग करा, एकाला साखर द्या, एकाला उपाशी ठेवा, आणि दोन्हींत थोडं थोडं ‘निष्कंप’ घाला. शेजारी औषधाशिवायचंही उपाशी यीस्ट ठेवा, म्हणजे नुसत्या भुकेचं काय होतं ते कळेल. त्यांनी साहेबाला न विचारता केलं. माझ्यावरच्या प्रेमापोटी नाही. ते म्हणाले, “आमचा संच निकृष्ट म्हणले ना? बघूच मग.”

भाद्रपद लागून आठवडा झाला तेव्हा त्यांनी बोलावलं. खिडकीत तबकड्या मांडून ठेवल्या होत्या. पोटभर साखर आणि औषध मिळालेलं यीस्ट तबकडीवर सायीसारखं दाट उगवलेलं. नुसतं उपाशी राहिलेलं, तेही पुन्हा अन्न मिळाल्यावर उठलेलं. उपाशी आणि वर ‘निष्कंप’ मिळालेल्याची तबकडी धुतल्यासारखी कोरी होती. त्यांनी ती उजेडात धरून दाखवली. कडेलासुद्धा एक ठिपका नव्हता.

“मेलं की ओ हे,” इलाहीभाई म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती.

यीस्ट म्हणजे माणूस नव्हे, हे मलाही कळतं. पण आपल्या शरीरात एक स्नायू असा आहे ज्याला बसून राहायची सोय नाही, आणि उपाशीपोटी तो याच चुलीवर चालतो. हृदय. मी अक्काला फोन लावला. दाजींनी उचलला. माझे दाजी भूपाल, शांत माणूस, द्राक्षाची बाग सांभाळतात.

“अक्का कुठाय?”

“बस्तीत. आज चौथा उपवास न्हवं का तिचा. दहाबी करणार म्हणतीया, औंदा हात बरं झालं म्हणून.”

पर्युषण चालू होतं. मी विसरले नव्हते. पण अक्का आजवर एक वेळ जेवून करायची. दहा दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहायचा नियम तिनं याच वर्षी घेतला होता. तुमच्या औषधानं हात दिले म्हणून.

“आणि गोळी, दाजी?”

“घेतीया की. महाराजांना इचारून. पाण्याच्या वक्ताला तेवढी गोळी.”

*

आधी मी मिरजेला मॅडमकडे गेले. अक्काकडे जाऊन काय सांगायचं, किती भुकेला किती धोका, याचा आकडा मला पाहिजे होता, आणि पहिला संच पाहिलेलं, माझ्या माहितीतलं माणूस म्हणजे त्या एकट्या. तबकडीचा फोटो टेबलावर ठेवला. त्यांनी दार लावून घेतलं.

“मी विचारलं होतं,” त्या म्हणाल्या.

“कुणाला?”

“वर. पहिला संच पाहिल्यावर मी विचारलं होतं की हा फरक भुकेमुळे तर नाही? एकदा दोन्हीकडे उपाशी ठेवून बघू या का?”

“मग?”

“म्हणाले, सलग उपाशी राहणारा माणूस हा या औषधाचा अपेक्षित वापरकर्ता नाही.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. या देशात? नवरात्र, रोजे, चातुर्मास, संकष्ट्या, आणि ज्यांना उपवास धरावा लागत नाही, ताटच रिकामं असतं, ते सगळे? यांतल्या कुणाचेच हात थरथरत नाहीत?

“कोण म्हणालं हे?”

“तोंडी म्हणाले. नाव मी घेणार नाही.”

“आणि तुम्ही गप्प बसलात.”

“औषध तिथंच अडलं असतं तर पुढची पाच-सात वर्षं अडून राहिलं असतं. तुझ्या बहिणीनं सुईत दोरा ओवला, तूच पेढे वाटलेस ना इथं? मीही खाल्ला होता एक.”

पेढे मीच वाटले होते, ते खरं.

“बरं, एवढं तरी सांगा. गोळी आज थांबवली तर धोका टळतो?”

“नाही. ती शरीरात आठवडाभर रेंगाळते. उपवास सोडायला लाव, राजमती. आजच लाव.”

*

समडोळीला जाताना मेडिकलमधून ग्लुकोजची पुडी घेतली. कशाला घेतली ते मी स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते.

दाजी दारातच होते. “ये. अक्का पडलीया जरा. बस्तीच्या पायऱ्या चढताना धाप लागतीया म्हणती. उपवास म्हटल्यावर एवढं चालायचंच.”

पाण्याची वेळ झाली होती. स्वयंपाकघरात पितळी पातेल्यात उकळलेलं पाणी निवत ठेवलेलं. दाजी अक्काला उठवायला आत गेले आणि मी त्या पातेल्यापाशी एकटी उरले. पुडी पर्समधून काढली. फोडली. दोन चमचे घातले असते तर जीव तगला असता. अक्काला चव कळली असती? चार दिवसांची उपाशी जीभ, कळली असती कदाचित; पण तोवर पोटात गेलं असतं. आणि तिच्या लक्षात आलंच नसतं तर रोज घालता आलं असतं. दहाही दिवस. ती उपवासात आहे असं तिला वाटलं असतं, आणि आम्ही तिला खायला घालत राहिलो असतो.

माझा हात पातेल्यावर थांबला. हे मी कुणाकडून शिकले, ते मला तिथं कळलं. तुमच्याकडून.

“काय गं ते?”

अक्का दारात उभी होती. चेहरा ओढलेला, ओठ पांढरे पडलेले. हात मात्र स्थिर.

“ग्लुकोज.”

“पाण्यात घालत होतीस?”

“घालणार होते.”

ती पाटावर बसली. मी समोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. गोळी आणि उपवास एकत्र चालत नाहीत, हृदयावर येतं.

“कोण म्हणतंय असं?”

“यीस्ट.”

“यीस्टनं कवा उपवास धरला होता?”

“धरला होता. इलाहीभाई बाजाराला गेले म्हणून.”

त्याही अवस्थेत अक्काला हसू आलं आणि हसता हसता धाप लागली. दाजी चिडले. एरवी त्यांचा आवाज बांधाच्या पलीकडे जात नाही.

“राजमती, काल औषध चांगलं हुतं. आज वाईट. उद्या यीस्टच खोटं म्हणशील. तुमचं खरं मानायचं तरी काय? हितं तिनं नियम घेतलाय, दहाजणींसमोर.”

“दाजी, धाप उपवासाची आहे की गोळीची, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. मी फक्त तबकडी बघितली आहे.”

“मग?”

“मग मला भीती वाटते. एवढंच.”

अक्कानं पाण्याच्या पातेल्याकडे बघितलं. मग म्हणाली, “गोळी सोडून उपवास ठेवला तर?”

“आठवडाभर ती आतच राहते.”

“म्हणजे उपवासच सोडायचा.”

“हो.”

“पुडी टाकून दे ती,” अक्का म्हणाली. “सोडायचा तर मी सोडीन. यीस्टला विचारता येत नाही बाई, मला येतंय की. चल बस्तीत. नियम तिथं घेतला, तिथंच सांगून सोडते.”

दाजींनी आणि मी दोन्हीकडून धरून तिला नेलं. आत तिनं आमचे हात सोडवले. पूजेचं ताट मांडलेलं होतं, तांदूळ होते. ती खाली बसली आणि स्वस्तिक काढलं. रेघ सरळ आली. काठाला एक दाणा नव्हता. मग तिनं हात जोडले आणि शेजारच्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, “चारच झाले. पुढचे जमणार नाहीत.” मला रडू येत होतं. तिला नाही. घरी येऊन तिनं मुगाचं पाणी घेतलं, वाटी स्वतः धरून.

दुसऱ्या दिवशी सांगलीच्या डॉक्टरनं छातीची तपासणी केली. हृदयाचा स्नायू सुजला होता. वेळेवर खायला लागलात म्हणून निभावलं, म्हणाले. कारण काय लिहिलं? ‘उपवासामुळे अशक्तपणा.’

“डॉक्टर, ती ‘निष्कंप’ घेते.”

“त्याचा हृदयावर परिणाम होतो असं कुठं नोंदलेलं नाही.”

नाहीच नोंदलेलं. तुम्ही पुसलंत ते. अशा किती अशक्तपणांखाली तुमचं औषध गाडलं गेलंय, हे आता मोजणार कोण? डॉक्टर नोंदीकडे बोट दाखवतात, नोंद तुमच्याकडे, आणि तुम्ही डॉक्टरांकडून काही तक्रार आलेली नाही म्हणता.

अक्काची गोळी बंद आहे. हात पुन्हा थरथरतात. परवा तिच्या हातून दुधाचं भांडं गेलं. मी पुसायला वाकले तर म्हणाली, “हात घ्यायचे का उपवास, हे मी ठरवलं असतं गं. कदाचित हातच घेतले असते. मला इचारलं का कुणी?” पुढचं तिनं ठरवलेलं नाही. ठरवायला अजून जिवंत आहे, एवढं मी धरून बसले आहे.

मी तुमच्याकडे तक्रार केली. उत्तर आलं: एकाच प्रयोगशाळेतला, परवानगीशिवाय केलेला प्रयोग, सबब गोंगाट. ठीक आहे. मी किनाऱ्याला विचारलं, तुम्हीही एकदा उपाशी ठेवून बघता का? ते म्हणाले, आनंदानं, पण वरून परवानगी लागते. मी परवानगी मागितली. त्याचं उत्तर अजून नाही. म्हणजे दोघींना दिसलं तरच खरं, आणि दुसरीला बघू द्यायचं नाही. अशा रीतीनं तुम्ही काय वाटेल ते खोटं ठरवू शकता.

इलाहीभाईंना साहेबांनी यीस्टवरून काढून गोदामावर टाकलंय. मॅडम माझ्याशी बोलत नाहीत. माझी नोकरी हे छापून येईपर्यंत टिकेल असं वाटत नाही. ते राहू दे.

काल इलाहीभाईंचा फोन आला. रमजान तोंडावर आला आहे. त्यांच्या सासूबाई जमिलाबी, हात थरथरतात म्हणून गेले सहा-सात महिने ‘निष्कंप’ घेतात. बाई कडक आहेत, आजारपणातही एक रोजा सोडलेला नाही. “ताई,” इलाहीभाई म्हणाले, “सलग चार दिवसांचं तुम्ही बघितलं. पण पहाटे खाल्लं आणि सांजच्याला सोडलं, असं महिनाभर केलं तर? काय हुतंय? म्हातारीला काय सांगू?”

मला माहीत नाही. मी तसं त्यांना सांगितलं. एका दिवसाच्या भुकेनं तो गडी दारातून हलतो की नाही, रोज हलून रोज परत येतो की नाही, हे माझ्याजवळच्या तीन तबकड्या सांगू शकत नाहीत. निदान पहिलं तरी पहिला संच सांगू शकेल, तो बुधवार ते गुरुवार अशा एका दिवसाच्याच भुकेचा होता. तो तुमच्याकडे आहे. काढून टाकला म्हणता, पण जाळला असं तुमच्यापैकी कुणीच म्हणालेलं नाही.

मला तुमची माफी नको, चौकशी समिती नको. एका म्हातारीचं एका महिन्याचं विचारते आहे. चंद्र दिसायच्या आत सांगा: जमिलाबींनी पहाटे ती गोळी घ्यायची की नाही?